आत किती, बाहेर किती

लीलाताई ठोंबरे यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम दोन वाट्या असत. एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. दोन्हींत बटाट्याची एकेक लांब फोड. साध्या पाण्यातली फोड काही वेळाने काडीसारखी ताठ होई, मिठाच्या पाण्यातली मऊ पडून वाकत जाई. फोडी खराब झाल्या की त्या बदलत. वाट्या मात्र जागच्या हलत नसत.

जबलपूरजवळ रांझीच्या कामगार क्वार्टर्समध्ये पहिलं वर्षभर समज असा होता की बाई टोटका, म्हणजे जादूटोणा, करतात. शेजारच्या ओळीतली एक सून एकदा संध्याकाळी हळूच येऊन म्हणाली, "ताई, माझ्या सासूबाईंसाठीपण एक वाटी ठेवा ना."

"ठेवते. पण कोणत्या पाण्यात ठेवू? ताठ करायच्या आहेत का नरम?"

सून हसली नाही. तिने खरोखर विचार केला आणि "नरम" म्हणाली. लीलाताईंनी तिला आत बोलावलं, पाटावर बसवलं आणि मिठाचं पाणी बटाट्यातलं पाणी कसं ओढून घेतं ते समजावलं. सासू नरम झाली की नाही याची नोंद नाही. ती सून पुढे मॅट्रिकला जीवविज्ञान घेऊन बसली, एवढं मला माहीत आहे.

लीलाताई तिथल्या लष्करी कारखान्याच्या शाळेत जीवविज्ञान शिकवत. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. उंची बेताची, चाल झपझप, बाराही महिने काखेत छत्री. शाळेत त्या 'बहनजी', क्वार्टर्समधल्या मराठी घरांत 'ताई'. शिकवायच्या हिंदीतून, रागवायच्या मराठीतून. माझी त्यांची भिंतीला भिंत होती. मी शहरातल्या एका हिंदी दैनिकात वार्ताहर होतो आणि त्यांच्या दृष्टीने माझा धंदा अर्धवट होता.

"तू काय लिहितो रे पेपरवाल्या? काय झालं ते लिहितो. कशानं झालं ते कधी लिहिशील?"

त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतं. ते कुठेही लागू करत. रेशनच्या रांगेत भांडण झालं, शाळेत फळा पुसायला पाणी नाही, एखाद्या मुलीने बोलणं टाकलं, तरी विचारायचं तेच. "आत किती? बाहेर किती? अन् मधात काय आहे?" शरीरातली प्रत्येक पेशी या तीन प्रश्नांवर जगते, असं त्यांचं म्हणणं. पेशीला पातळ पडदा असतो. तो काही पदार्थ सरळ जाऊ देतो, काहींना अडवतो, काहींना सोबत मिळाली तरच सोडतो. आतलं बाहेरचं प्रमाण बिघडलं की पेशी फुगते किंवा सुकते. बाकी सगळा तपशील, असं त्या म्हणत आणि मग तोच तपशील महिनाभर शिकवत.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात त्यांनी अकरावीचा वर्ग कारखान्याच्या फाटकावर नेला. पेशीचा पडदा पुस्तकात कळत नाही, फाटकावर कळतो, हे त्यांचं मत. पाळी सुटायच्या वेळी मुलींना समोरच्या कडुनिंबाखाली उभं केलं आणि तीन वाटा दाखवल्या. पहिली, पायी येणाऱ्यांची खिडकी, म्हणजे फाटकातलं लहान दार. पाळी सुटली की आत गर्दी, बाहेर मोकळं, माणसं आपोआप बाहेर वाहतात. कोणाला ढकलावं लागत नाही. दुसरी वाट पाहुण्यांची. एकट्याने आत जाता येत नाही, आतला माणूस न्यायला यावा लागतो. तिसरी, कोळशाच्या ढकलगाड्यांची. आतलं आवार कोळशाने भरलेलं, तरी आणखी कोळसा चढावावरून आत ढकलायचा. तिथे माणसं घामाघूम.

"कम से ज़्यादा की तरफ़ ले जाना है, तो ताक़त ख़र्च होगी," त्या सांगत होत्या. "कोशिका भी यही करती है। दिन-रात। लिखो।"

मुली लिहीत होत्या, काही फाटकाचं चित्र काढत होत्या. सीमेवर तणाव सुरू झाला होता. घरांच्या काचांना काळा कागद लागला होता. सुरक्षा हवालदार रस्ता ओलांडून आला.

"बहनजी, ये किसका नक़्शा बन रहा है?"

"कोशिका का।"

"ये कोशिका है कहाँ?"

"आपके अंदर है।"

हवालदाराने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "बहनजी, मज़ाक़ मत करिए। ऊपर से ऑर्डर है।"

सगळ्या वह्या जमा झाल्या. लीलाताईंनी सुरक्षा कार्यालयात बसून लेखी जबाब दिला, तीन पानी, आकृत्यांसह. आठवड्याने वह्या परत आल्या. लीलाताईंच्या स्वतःच्या वहीवर 'तपासले' असा जांभळा शिक्का होता. ती वही त्या पुढे मुद्दाम वापरत. "बाकीच्यांच्या नोट्स कोणी तपासल्या आहेत का?" म्हणत. पण कारखान्यातल्या एका वरिष्ठ साहेबांच्या फाइलीत त्यांचं नाव त्या दिवशी गेलं. साहेब आता हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव देत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी लढाई सुरू झाली.

कारखान्यात पाळ्या लांबल्या. फाउंड्रीत, म्हणजे जिथे लोखंड वितळवून साच्यांत ओततात तिथे, सगळ्यांत जास्त काम आलं. ओतकामाच्या फरशीवर एकवीस माणसं होती. त्यांचे म्होरके दुबेजी मिस्त्री, पन्नाशीचे, कपाळाला भस्म लावणारे, शब्दाचे पक्के. श्रावणातले सोमवार ते दरवर्षी अळणी करत. या वर्षी त्यांनी हे व्रत श्रावण संपल्यावरही थांबवलं नाही. सीमेवरचे जवान घरी येईपर्यंत प्रत्येक सोमवार अळणी, मिठाचा कण तोंडात नाही, असा संकल्प त्यांनी केला आणि फरशीवरच्या बाकी वीसही जणांनी त्यांच्यामागे हातात पाणी घेऊन तोच केला. त्यात आमच्या ओळीतला गणपत बावणे होता. त्याचा धाकटा भाऊ मनोहर पलटणीत होता आणि त्याचं पत्र येणं बंद झालं होतं.

फाउंड्रीत या निमित्ताने छोटी सभा झाली. त्याच वरिष्ठ साहेबांनी एकवीस जणांना हार घातले. प्रत्येक मजुराने हा संकल्प घ्यावा, जो घेईल त्याचा कारखान्याला अभिमान राहील, असं ते म्हणाले. ती बातमी मी लिहिली. दुसऱ्या पानावर तीन परिच्छेद आणि एक फोटो.

लढाई थांबली. संकल्प थांबला नाही, कारण जवान अजून घरी आले नव्हते. आश्विनातलं ऊन होतं आणि पाळ्या लांबलेल्याच राहिल्या.

गणपतच्या पोटऱ्यांत सोमवारी दुपारनंतर गोळे येऊ लागले. पहिल्या वेळी तो बसला, चोळलं, उठला. दुसऱ्या वेळी दवाखान्यात गेला आणि विश्रांतीची चिठ्ठी घेऊन आला. तिसऱ्या सोमवारी त्याच्या हातात लॅडल होतं. हे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, दोन बाजूंना लांब दांडे, दोन माणसांनी उचलून न्यायचं. दुसऱ्या टोकाला रामसेवक होता. गणपतच्या पोटऱ्या आणि बोटं एकदमच आखडली. दांडा सुटला. दोन साचे गेले, लोखंड फरशीवर पसरलं, रामसेवकच्या बुटावर उडालं. बूट जळाला, पाय थोडक्यात वाचला.

गणपतला आरोपपत्र मिळालं. युद्धकाळात हेतुपुरस्सर हलगर्जी. आधीच्या दोन सोमवारी कामचुकारपणाची नोंद. चौकशी आठ दिवसांनी. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि नोकरीसोबत क्वार्टर. घरात बायको सुशीला, आई आणि दोन मुली.

सुशीला भिंतीपाशी उभी राहून रडत होती, तेव्हा लीलाताई चूल सोडून बाहेर आल्या. सांत्वन त्यांना येत नसे. त्यांनी जांभळ्या शिक्क्याची वही आणली आणि अंगणात बाजेवर बसून गणपतला विचारायला सुरुवात केली. मी माझ्या ओट्यावरून ऐकत होतो.

"गणपतभाऊ, सोमवारी खाता काय?"

"दूध, केळं. रात्री साखर घालून पोळी."

"अन् पाणी?"

"पाणी तर ताई, मोजच नाही. पोट रिकामं असते ना, मग तांब्यावर तांब्या पिऊन राहतो. इतर दिवसांच्या दुप्पट."

"अन् घाम?"

गणपतने मागे वळून न धुता वाळत टाकलेला सदरा दाखवला. निळ्या कापडावर पांढऱ्या कडा उमटल्या होत्या, नदीकाठच्या पुराच्या खुणेसारख्या. लीलाताईंनी ती कड नखाने खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"अहो ताई!" सुशीला ओरडली.

"मीठ आहे," लीलाताई म्हणाल्या. "हे काही यांनी सोमवारी खाल्लेलं नाही. म्हणजे शिल्लक जमेतून गेलं."

मग त्यांनी खिडकीतल्या वाट्या आणल्या. घामाबरोबर मीठ बाहेर जातं, त्या सांगू लागल्या. वरून नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. स्नायूंच्या पेशींना आत-बाहेर ठरलेलं प्रमाण लागतं. ते बिघडलं की स्नायू आखडतात आणि सुटत नाहीत. माणूस जितकं पाणी पितो तितकं बिघडत जातं. "तुम्ही तहान भागवून राहिले होते अन् स्वतःला पातळ करून राहिले होते. यात कामचुकारपणा कुठे आला?"

गणपत म्हणाला, "हे साहेबाले कोण सांगणार?"

"मी."

चौकशीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता. लीलाताई पास मागायला गेल्या. पहिल्या दिवशी अर्ज नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाबूने तो घेतलाच नाही. तिसऱ्या दिवशी फाटकावर तोच हवालदार होता.

"बहनजी, आप फिर आ गईं? आपको मैं ऐसे कैसे जाने दूँ?"

"जानती हूँ। मैं पानी थोड़े ही हूँ। मुझे कोई अंदर का आदमी चाहिए जो हाथ पकड़कर ले जाए।"

"तो ले आइए।"

"वही करने जा रही हूँ, भैया।"

आतला माणूस म्हणजे कारखान्याच्या दवाखान्याचे डॉक्टर सान्याल. दवाखाना फाटकाबाहेर होता. लीलाताईंनी शाळेचा पितळी सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळला आणि बसने निघाल्या. मांडीवरचं गाठोडं पाहून कंडक्टर म्हणाला, "बहनजी, बच्चे को बगल में बिठा दीजिए, सीट ख़ाली है।"

"ये गिरेगा तो अंधा हो जाएगा।"

कंडक्टरने ड्रायव्हरला बस हळू घ्यायला सांगितलं.

सान्याल तापट पण सरळ माणूस होते. लीलाताईंनी त्यांच्या टेबलावर स्वतःच्या बोटाला सुई टोचली. एक थेंब मिठाच्या पाण्यात, दवाखान्यातल्या सलाइनच्या प्रमाणाचं. दुसरा साध्या पाण्यात. पहिल्या काचेवर रक्तपेशी नाण्यांसारख्या गोल, जागच्या जागी. दुसऱ्या काचेवर त्या फुगत गेल्या आणि एकामागून एक दिसेनाशा झाल्या.

"तो आप कहती हैं, उस आदमी के ख़ून में यही हुआ?" सान्यालांनी विचारलं.

"नहीं। ऐसा होता तो वो मर जाता। मैं दिशा दिखा रही हूँ, मात्रा नहीं। पानी किधर भागता है, बस इतना।"

सान्यालांनी पुढे मला सांगितलं की त्यांचा विश्वास याच वाक्याने बसला. उष्णतेने स्नायूंत गोळे येतात, हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं. पण पेशंट सोमवारी काय खातो, हे विचारावं असं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी नोंदवही काढली. फाउंड्रीतले गोळे येणारे बहुतेक सगळे पेशंट सोमवार-मंगळवारचे होते. त्यांनी पासवर सही केली.

चौकशीला मी नव्हतो. पुढचं जे लिहितो ते लीलाताई, सान्याल आणि गणपत यांनी वेगवेगळं सांगितलेलं आहे, आणि जुळलं तेवढंच लिहितो.

लीलाताई वीस मिनिटं बोलल्या. बटाटा दाखवला, सदरा दाखवला, सूक्ष्मदर्शक दाखवला. सान्यालांनी नोंदवही वाचली. साहेबांनी मध्ये एकदाच विचारलं, "आप वही हैं ना, जिन्होंने फाटक का चित्र बनवाया था?" त्या "जी" म्हणाल्या आणि पुढे बोलत राहिल्या. सगळं झाल्यावर साहेबांनी शांतपणे टेबलाचा खण उघडला आणि एक पत्र्याचा डबा समोर ठेवला.

"ये नमक की गोलियाँ हैं। फाउंड्री के हर घड़े के पास एक डिब्बा रखा है। बोर्ड पर लिखा है, दिन में दो। बहनजी ने साबित कर दिया कि नमक न लेने से यह हुआ। गणपत, तुमने गोली ली थी?"

"नहीं साहब। सोमवार था।"

"यानी जान-बूझकर नहीं ली।" साहेब कारकुनाकडे वळले. "लिखिए।"

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा ठरला.

त्या संध्याकाळी लीलाताई ओट्यावर बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शक अजून टॉवेलातच होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, आवाज न बदलता. शेवटी म्हणाल्या, "मीच बुडवलं त्याला. आत किती, ते मोजलं. बाहेर किती, तेही मोजलं. मधात काय आहे ते विचारायचं राहिलं. मीठ घड्याजवळ पडलं होतं अन् आत जाऊन नव्हतं राहिलं. काहून? संकल्पानं. हेच तर पहिले विचारायचं असते."

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "संकल्प कोणी दिला रे त्यांना?"

"दुबेजींनी. सगळ्यांनी मिळून घेतला."

"अन् साहेबाला माहीत नव्हतं?"

साहेब आमच्या दैनिकाला कारखान्याच्या बातम्या देत. ते नाराज झाले तर माझं त्या फाटकातलं येणं-जाणं संपणार होतं. पण ते उत्तर छापून झालेलं होतं, दुसऱ्या पानावर, माझ्याच शब्दांत. मी सायकल काढली, कचेरीत जाऊन जुन्या अंकांतून तो अंक शोधला आणि परत येऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तीन परिच्छेद दोनदा वाचले.

"पहिल्यांदा कामाचं लिहिलं तू," त्या म्हणाल्या. "अन् तुला माहीतही नव्हतं."

सकाळी सान्याल त्यांना पुन्हा आत घेऊन गेले. लीलाताईंनी भाषण केलं नाही. अंक टेबलावर उलगडून ठेवला आणि फोटोवर बोट ठेवलं. हार घालणारा हात साहेबांचा होता, हार घेणारी मान गणपतची. खाली त्यांचंच वाक्य होतं.

साहेबांनी वाचलं. अंकाची घडी घातली, असं सान्याल सांगतात. साहेब म्हणाले, "मुझे गोलियों का ध्यान नहीं आया।"

"मुझे भी संकल्प का नहीं आया था," लीलाताई म्हणाल्या. "हम दोनों से छूट गया। सज़ा अकेले इसको क्यों?"

आरोपपत्र मागे घेतलं गेलं, फक्त ताकीद राहिली. पण साहेबांनी एक अट घातली आणि ती रास्त होती. सोमवारी जो मीठ घेणार नाही त्याला लॅडल मिळणार नाही. त्याची बदली आवारातल्या हमालीवर होईल, कायमची.

गणपतने घरी येऊन सांगितलं, "हमाली करीन, ताई. पण मनोहर येईस्तोवर मीठ नाही घेणार. एवढ्या सोमवारांनंतर मी मीठ खाल्लं अन् तिकडे काही झालं, तर माह्या मायला काय तोंड दाखवू?"

सुशीला त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. त्याची आईही बोलली नाही, पण ती उलट कारणाने: तो डगमगेल या भीतीने. फरशीवरचे बाकीचे सगळे दुबेजींकडे बघत होते आणि दुबेजी कोणाकडेच बघत नव्हते.

रविवारी दुपारी लीलाताई दुबेजींच्या दारात गेल्या. गणपतला सोबत नेलं. मला म्हणाल्या, "तूही चल. पण वही आणू नको." दुबेजी अंगणात लाकडं फोडत होते. ओतकामाच्या म्होरक्याला सुट्टीच्या दिवशीही हात रिकामे ठेवता येत नव्हते.

"बहनजी, मुझे मालूम है आप किसलिए आई हैं। सेंधा नमक की बात करेंगी। फलाहार में सेंधा चलता है, मैं भी जानता हूँ। मगर हमने फलाहार नहीं, अलोना बोला है, बिना नमक का। पानी हाथ में लेकर बोला है।"

"ठीक है," लीलाताई म्हणाल्या. "एक बात बताइए। अपनी बाँह चाटिए।"

"क्या?"

"बाँह। पसीना आया है ना। ज़रा जीभ लगाइए।"

गणपतने मान खाली घातली. दुबेजींनी बाईंकडे, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कुऱ्हाड खाली ठेवली आणि मनगटाला जीभ लावली.

"खारा है।"

"वो किसका है?"

"मेरा है। और किसका होगा?"

"सोमवार को आप नमक खाते नहीं, ये तो आपका संकल्प हुआ। मगर भट्ठी उसी दिन आपके अंदर का नमक बाहर निकाल लेती है। वो आपने छोड़ने को नहीं बोला था। वो चोरी हो रहा है।" त्या पाटीवर लिहून दाखवल्यासारख्या सावकाश बोलत होत्या. "जितना बाहर गया, उतना ही वापस अंदर रख दीजिए। एक दाना ज़्यादा नहीं, स्वाद के लिए नहीं, रोटी पर नहीं। पानी में घोलकर, भट्ठी के सामने। ये खाना हुआ कि लौटाना?"

फोडलेली लाकडं दुबेजींनी एका रांगेत लावली. मग विचारलं, "और जिस सोमवार छुट्टी हो, पसीना न आए?"

"तो मत लीजिए। उस दिन आपका कुछ गया ही नहीं।"

हे उत्तर त्यांना पटलं. ते सोयीचं नव्हतं, म्हणून पटलं असावं. ते गणपतकडे वळले. "सुन रे, सेंधा लेंगे। पसीने के बदले पसीने बराबर। घर पर अलोना, जैसा बोला है वैसा। तेरे भाई के नाम पर पहला लोटा मैं पीऊँगा।"

गणपत त्यांच्या पाया पडला. मग लीलाताईंच्या पडायला वाकला, तेव्हा त्या मागे सरकल्या. "अरे, माह्या काय पडता? तांब्यात चिमूट किती टाकायची ते शिका पहिले."

सैंधव शहरातल्या ओमती भागातून, एका पंसाऱ्याच्या म्हणजे किराणावाल्याच्या दुकानातून आलं. लीलाताईंनी ते कुटून एकवीस पुड्या बांधल्या आणि सोमवारी सकाळी पाळीच्या आधी फाटकावर जाऊन दुबेजींच्या हवाली केल्या. त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या घरी आल्या नाहीत. कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या आणि फाउंड्रीची माणसं बाहेर पडताना मोजली. एकवीस. सगळे आपल्या पायांनी.

पुढच्या सोमवारी पुन्हा उभ्या होत्या. त्याच्या पुढच्याही. हळूहळू फाटकावर ती प्रथाच झाली. पोरं लांबून ओरडायची, "बहनजी, इक्कीस पूरे!" त्या ऐकून न ऐकल्यासारखं करून स्वतः मोजत. दुसऱ्याने मोजलेलं त्यांना चालत नसे. हवालदाराने एकदा स्टूल आणून दिलं. त्यावर त्यांनी छत्री ठेवली.

मनोहर दुसऱ्या वर्षी रजेवर आला, धडधाकट. संकल्पाचं उद्यापन झालं, गणपतच्या आईने फाउंड्रीच्या सगळ्यांना जेवायला घातलं. पण सोमवारच्या पुड्या मग रोजच्या झाल्या. आणि सोमवारी फाटकावर मोजणं चालू राहिलं, कारण, लीलाताई म्हणत, प्रयोग एकदा जमला म्हणून बंद करायचा नसतो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई होती, पुन्हा लांब पाळ्या. त्याच महिन्यात लीलाताई जबलपूर सोडून निघाल्या. गोंदियाला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि तिला बघायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी शाळेचा राजीनामा दिला, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवला, किल्ली सही घेऊन दिली. खिडकीतल्या दोन वाट्या सुशीलाला दिल्या.

गोंदियाची छोट्या लाइनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी संध्याकाळची होती. मी सायकल रिक्षा आणली. ट्रंक, वळकटी, छत्री. सोमवार होता. फाटकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "थांबव."

"ताई, गाडी चुकेल."

"पाळी सुटून राहिली. पाच मिनिटं."

त्या रिक्षातून उतरल्या आणि कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. भोंगा झाला. खिडकीतून माणसं येऊ लागली, सायकली, डबे, गळ्यात मफलर. फाउंड्रीची माणसं घोळक्याने आली. दुबेजी निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी रामसेवक पुढे होता. लीलाताईंचे ओठ हलत होते. घोळका संपला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"वीस," त्या म्हणाल्या.

रामसेवक म्हणाला, "पूरे हैं बहनजी, आप जाइए। गाड़ी छूट जाएगी।"

"गणपत कहाँ है?"

"आता होगा पीछे।"

रिक्षावाल्याने घंटी वाजवली. मी घड्याळ पाहिलं. "ताई, चला आता. सामान चढवायचं आहे, प्लॅटफॉर्मपण लांब आहे."

"एक आत आहे अजून."

खिडकीतून शेवटची दोन-चार माणसं आली, दुसऱ्या विभागांची. हवालदाराने साखळीला हात घातला. मग आतल्या रस्त्यावर गणपत दिसला. सावकाश येत होता, पण सरळ. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घड्याजवळचा रिकामा तांब्या. तो धुऊन नेमाने घरी न्यायचा, ही त्याची सवय होती. फाटकाबाहेर येऊन त्याने रिक्षा पाहिली, ट्रंक पाहिली, आणि थांबला.

"ताई, आजच चालल्या का?"

लीलाताईंनी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं. मग सदऱ्याकडे. मग रिक्षात चढल्या, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो। इक्कीस।"